पहिली ‘स्पोर्टी’ हॅचबॅक : पिकअपआधी ब्रेक पाहा
डहाणू-तलासरीच्या तरुणांसमोर खिसा, कायदा आणि महामार्ग यांचा मेळ घालण्याचे आव्हान

डहाणू, प्रतिनिधी

चिकूच्या वाड्या, भातशेती आणि मासेमारी यांवर चालणाऱ्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत तरुणांच्या हाती पैसा येण्याच्या वाटा गेल्या दोन दशकांत वाढल्या आहेत. दक्षिणेला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत, उत्तरेला सीमेपलीकडचे उंबरगाव, सरीगाम आणि वापी येथील कारखाने आणि एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आल्यापासून थेट मुंबईची नोकरी, असे पर्याय येथील तरुणांपुढे खुले झाले. नोकरीत जरा स्थिरावले की दुचाकीच्या जागी मोटार यावी, आणि ती यायचीच तर चारचौघांत उठून दिसणारी, चांगल्या पिकअपची असावी, ही इच्छा स्वाभाविकच म्हणावी लागेल. मोठी एसयूव्ही खिशाला झेपत नाही आणि साधी छोटी गाडी मनाला रुचत नाही. अशा वेळी ‘स्पोर्टी हॅचबॅक’ हा मधला मार्ग समोर येतो.

परंतु या पट्ट्यात मोटार घेणे म्हणजे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ चा शेजार स्वीकारणे होय. पूर्वी ‘आठ नंबर’ म्हणून ओळखला जाणारा हा मुंबई-अहमदाबाद महामार्ग चारोटी, तलासरी आणि अच्छाड या क्रमाने दोन्ही तालुक्यांना छेदून गुजरातेत शिरतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीनजीक सूर्या नदीवरील पुलाच्या कठड्यावर मोटार आदळून टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्यासह मागील आसनावरील दोघांचा मृत्यू झाला. पुढील आसनांवरील दोघे गंभीर जखमी झाले, पण बचावले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलीस तपासात पुढे आले. ती मोटार लहान नव्हती की स्वस्तही नव्हती. अनेक एअरबॅग असलेल्या महागड्या जर्मन गाडीलाही न लावलेल्या पट्ट्याची उणीव भरून काढता आली नाही, हा या अपघाताचा धडा आहे. दहा लाखांच्या आतली वेगवान मोटार घेऊ पाहणाऱ्याने तो सर्वांत आधी लक्षात घ्यायला हवा.

‘स्पोर्टी’ म्हणजे नेमके काय?

लहान, पाच दारांच्या घरगुती मोटारीत दमदार इंजिन बसवायचे आणि तिचे सस्पेन्शन, ब्रेक व स्टीअरिंग त्या ताकदीला साजेसे करायचे, ही ‘हॉट हॅचबॅक’ची मूळ कल्पना. फोक्सवॅगनने १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडलेल्या ‘गोल्फ जीटीआय’ने ती जगभर लोकप्रिय केली. त्याच नावाची आजची गोल्फ २०२५ मध्ये भारतात आली तेव्हा तिची किंमत ५० लाखांच्या पुढे होती. त्यामुळे येथील मध्यमवर्गीय तरुणाने तिच्याकडे दुरूनच पाहावे हे उत्तम.

परवडणाऱ्या वेगवान मोटारींचा भारतातील इतिहास मात्र बराचसा महाराष्ट्रातच घडला आहे. २००१ मध्ये आलेली फियाट पॅलिओ मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. तिच्या १.६ लिटर आवृत्तीची सुमारे १०० अश्वशक्ती त्या काळी नवलाईची होती आणि सचिन तेंडुलकरच्या नावाने ‘एस-१०’ ही खास आवृत्तीही निघाली होती. २००५ मध्ये आलेल्या मारुती स्विफ्टने चपळ हॅचबॅक घरोघरी पोहोचवली. २०१३ मध्ये चाकणच्या कारखान्यातून १०५ अश्वशक्तीची पोलो ‘जीटी टीएसआय’ बाहेर पडली. २०१५ मध्ये रांजणगावहून आलेल्या पुंटो ‘अबार्थ’ने १४५ अश्वशक्ती दहा लाखांच्या आत देऊ केली. त्यानंतर २०१७ मध्ये बलेनो ‘आरएस’ आणि २०१८ मध्ये टियागो ‘जेटीपी’ आली. या गाड्यांना चाहते मिळाले, मात्र ग्राहक पुरेसे मिळाले नाहीत. एकेक करून त्या बंद झाल्या. पोलोनेही २०२२ मध्ये भारतीय बाजाराचा निरोप घेतला.

अलीकडच्या काळात या वर्गात तीन नावे प्रामुख्याने घेतली गेली. २०२१ मध्ये आलेली ह्युंदाई आय-ट्वेन्टी ‘एन लाइन’ एक लिटरच्या टर्बो इंजिनातून १२० अश्वशक्ती आणि १७२ न्यूटन मीटर टॉर्क देते. टाटाची अल्ट्रोझ ‘रेसर’ जून २०२४ मध्ये बाजारात उतरली. तिचे आकडेही १२० अश्वशक्ती आणि १७० न्यूटन मीटर असे जवळपास सारखेच. तिसरे नाव मे २०२४ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या स्विफ्टचे. तिची ताकद ८२ अश्वशक्ती एवढीच असली तरी वजन ९०० किलोंच्या आसपास असल्याने ती चपळ वाटते.

येथे एक भेद समजून घेणे आवश्यक आहे. अश्वशक्तीवरून गाडी अखेरीस किती वेग गाठेल याचा अंदाज येतो. रोजच्या रस्त्यावर ज्याला पिकअप म्हणतात तो मात्र टॉर्कवर, म्हणजे चाके फिरवण्याच्या जोरावर, आणि तो जोर किती आधी मिळतो यावर ठरतो. टर्बो इंजिनात हा जोर साधारण दीड हजार फेऱ्यांपासूनच मिळू लागतो. चढावर किंवा ट्रकला ओलांडताना त्याचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण टर्बोचा जोर एकदम येतो, आणि दुचाकीवरून नुकत्याच चारचाकीकडे आलेल्या चालकाला त्याचा अंदाज यायला काही महिने लागतात. शिवाय अनेक कंपन्या केवळ लाल शिलाईची आसने, काळे छत आणि मागे पंख बसवून ‘स्पोर्ट’ नावाची आवृत्ती काढतात. त्यात इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन सारे साध्या गाडीचेच असते. अशा सजावटीसाठी वीस-पंचवीस हजार जादा मोजण्यापूर्वी तांत्रिक तपशिलाचा तक्ता ओळीने वाचून पाहावा.

रस्ता आधी, गाडी नंतर

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यांत नवख्या चालकांना ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त ताकदीची मोटार चालवण्यास बंदी आहे. दर टन वजनामागे १३० किलोवॅट ही ती मर्यादा. भारतातील परवडणाऱ्या हॅचबॅक या मोजमापात शंभराच्याही खालीच भरतात. तेव्हा या गाड्या मुळात राक्षसी ताकदीच्या नाहीत. धोका येतो तो त्या कोणत्या रस्त्यावर आणि कोणत्या सवयींनी चालवल्या जातात यातून.

डहाणू-तलासरीचे रस्ते तीन प्रकारचे आहेत. पहिला महामार्ग. त्यावर कंटेनर आणि ट्रक यांची अखंड रांग असते. दुभाजकातील कटमधून अचानक वळणारी वाहने, वळसा वाचवण्यासाठी उलट दिशेने येणारे दुचाकीस्वार, कडेला उभे केलेले ट्रक आणि महामार्ग पायी ओलांडणारे पाड्यांवरील रहिवासी हे तेथील नित्याचे दृश्य. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते तेव्हा गर्दी आणखी वाढते. दुसरा प्रकार डहाणू-चारोटी-जव्हार किंवा तलासरी-उधवा अशा अंतर्गत दुपदरी रस्त्यांचा. वळणे, चढउतार, रात्री दिव्यांचा अभाव आणि पावसाळ्यात खड्डे ही त्यांची ओळख. तिसरा बोर्डी-घोलवडचा किनारी रस्ता. दोन्ही बाजूंना वाड्या, रस्ता अरुंद आणि सुट्टीच्या दिवशी पर्यटकांची गर्दी.

या तिन्ही रस्त्यांवर गाडी किती सेकंदांत शंभराचा वेग गाठते याला फारसा अर्थ नाही. ती शंभरावरून किती अंतरात थांबते याला आहे. समोरचा अडथळा पाहून पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद लागतो असे धरले आणि रस्ता कोरडा, टायर उत्तम मानले, तर ताशी ६० किलोमीटर वेगातील मोटार सुमारे ३७ मीटरवर थांबते. ८० च्या वेगाला हेच अंतर सुमारे ५७ मीटर होते आणि १०० ला ८० मीटरच्याही पुढे जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर दुप्पट न होता चौपट होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम कोणत्याही कंपनीच्या गाडीला चुकलेला नाही. ओल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढते. कोकणपट्टीतील चार महिन्यांचा पाऊस लक्षात घेतला तर वर्षातील एक तृतीयांश काळ हाच हिशेब लागू होतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग होता आणि सुमारे दोन तृतीयांश मृत १८ ते ४५ या वयोगटातील होते. पट्टा न लावल्याने दगावलेल्यांची संख्या १६ हजार ७१५ होती आणि त्यांत जवळपास निम्मे प्रवासी होते. तरुण चालकाच्या गाडीत मागे बसणारे बहुधा त्याचे मित्र किंवा धाकटी भावंडे असतात, हे लक्षात घेता या शेवटच्या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

सुरक्षिततेची उतरंड

म्हणूनच गाडी निवडताना सुरक्षिततेच्या बाबी इंजिनाच्या आधी तपासायला हव्यात. सुदैवाने गेल्या काही वर्षांत कायद्यानेच बरेच काम सोपे केले आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत बंधनकारक झाली. चालकाची एअरबॅग, पट्ट्याची आठवण करून देणारी सूचना आणि ताशी ८० व १२० किलोमीटरला वाजणारा इशारा जुलै २०१९ पासून आला. चालकाशेजारच्या प्रवाशासाठी एअरबॅग २०२२ पासून प्रत्येक नव्या मोटारीत असते. जुनी गाडी घेणाऱ्याने उत्पादनाचे वर्ष पाहताना या तारखा ध्यानात ठेवल्या तर दोन गाड्यांतील तीस-चाळीस हजारांचा फरक कशाचा, हे त्याला चटकन उमगेल.

एअरबॅगमुळे किती फरक पडतो याचे बोलके उदाहरण पोलोचेच आहे. ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या भारतीय पोलोला एकही तारा मिळाला नाही. त्याच पोलोने दोन एअरबॅगसह चार तारे मिळवले. सांगाडा एकच, निकाल मात्र दोन टोकांचे. अल्ट्रोझला २०२० मध्ये पाच, आय-ट्वेन्टीला २०२२ मध्ये तीन आणि मागील पिढीच्या स्विफ्टला २०२२ च्या अधिक कडक निकषांनुसार केवळ एक तारा मिळाला. यानंतर स्विफ्ट आणि आय-ट्वेन्टी या दोन्ही गाड्यांत सर्व आवृत्त्यांना सहा एअरबॅग देण्यात आल्या. तेव्हा तारे पाहताना ते कोणत्या वर्षीच्या आणि कोणत्या आवृत्तीचे आहेत, हे पाहणे महत्त्वाचे. ऑक्टोबर २०२३ पासून देशाची स्वतःची ‘भारत एनकॅप’ चाचणीही सुरू झाली आहे.

एअरबॅगनंतर ईएससी, म्हणजे वळणावर गाडी घसरू लागताच एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा, आहे का ते पाहावे. वळणाच्या, ओल्या रस्त्यांवर नवख्या चालकाला तिचा मोठाच आधार असतो. चारही चाकांना डिस्क ब्रेक असणे चांगले. एन लाइनला ते आहेत, स्विफ्ट आणि अल्ट्रोझ रेसरला मागे ड्रम ब्रेक आहेत. पण रोजच्या वापरात या फरकापेक्षाही टायरची अवस्था अधिक निर्णायक ठरते. टायरच्या कडेला चार आकडी छाप असतो. त्यावर २३२४ असे असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असा अर्थ होतो. नक्षी शिल्लक दिसली तरी पाच-सहा वर्षांपूर्वीचे कडक झालेले टायर पावसात दगा देतात.

खिशाचा हिशेब

मोटारीची जाहिरातीतील किंमत ही एक्स-शोरूम असते. रस्त्यावर येईपर्यंत तिच्यात मोठी भर पडते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला ११ टक्के एकरकमी वाहनकर आहे. साडेनऊ लाखांच्या गाडीवर तो १ लाख ४ हजार ५०० रुपये होतो, तर साडेसहा लाखांच्या गाडीवर ७१ हजार ५०० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्याने या वर्गाला मोठा दिलासा मिळाला. स्विफ्टची प्रारंभिक किंमत सहा लाखांच्या आत आली, तर एन लाइन नऊ लाखांच्या थोडी पुढे येऊन ठेपली.

कर्जाचा हप्ता ठरवताना मुदत लांबवण्याचा मोह टाळावा. आठ लाखांचे कर्ज साडेनऊ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १३ हजार १०० रुपये बसतो आणि एकूण व्याज तीन लाखांच्या घरात जाते. तेच पाच वर्षांत फेडले तर हप्ता १६ हजार ८०० रुपये, पण व्याज दोन लाखांच्या आसपास राहते. हा दुसरा हप्ता झेपत नसेल, तर ती गाडी आपल्यासाठी महाग आहे असे सरळ समजावे. पाच लाखांचे कर्ज त्याच दराने पाच वर्षांसाठी घेतल्यास हप्ता साडेदहा हजारांच्या आसपास येतो.

विम्याबाबत एक गंमत आहे. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता इंजिनाच्या आकारमानावर ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये आणि १,००० ते १,५०० सीसीच्या मोटारीला ३,४१६ रुपये पडतात. त्यामुळे ९९८ सीसीची १२० अश्वशक्तीची टर्बो एन लाइन या बाबतीत ११९७ सीसीच्या साध्या स्विफ्टपेक्षा स्वस्त ठरते! गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता मात्र तिच्या किमतीनुसार वाढतो. ब्रिटनमध्ये विशीतील चालकाने वेगवान मोटार घेतली तर विम्याचा हप्ताच त्याला भानावर आणतो. आपल्याकडे चालकाचे वय पाहून तृतीय पक्ष हप्ता वाढत नाही. ही वेसण नसल्याने ती घरच्यांनी किंवा स्वतः चालकाने घालायची असते.

पेट्रोलचे गणितही मांडून पाहावे. महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीने लिटरला २० चे अॅव्हरेज दिले तर ५० लिटर लागतात. टर्बो गाडी जोरात चालवून अॅव्हरेज १५ वर आले तर ६७ लिटर लागतात. म्हणजे दरमहा सतराशे रुपयांच्या आसपास फरक. याशिवाय १६ इंची चाकांचे टायर महाग असतात. त्यांची बाजू बुटकी असल्याने खड्ड्यात रिम वाकण्याची आणि टायरला कट जाण्याची शक्यता वाढते. पावसाळ्यातील अंतर्गत रस्त्यांवर रोज जाणाऱ्याला १५ इंची चाकांची गाडी दिसायला कमी, पण वापरायला सुखाची वाटेल.

सीमेपलीकडचा मोह

तलासरीहून वापी जवळ आणि जिल्ह्याचे मुख्यालय दूर, अशी भौगोलिक स्थिती असल्याने येथील ग्राहकाला सीमेपलीकडच्या बाजाराचे आकर्षण असते. पेट्रोल भरण्यासाठी गुजरातच्या पंपावर जाणे हे तर नित्याचेच. २०२५ मध्ये मुंबई आणि गुजरातमधील दरांत लिटरमागे आठ-नऊ रुपयांचा फरक होता. गाडीच्या बाबतीत हा मोह आणखी मोठा असतो. गुजरातेत खासगी मोटारीवरील वाहनकर सहा टक्के असल्याने साडेनऊ लाखांच्या गाडीवर सुमारे ४७ हजार रुपये वाचतात, असा हिशेब मांडला जातो. त्यातून नातेवाइकाच्या पत्त्यावर नोंदणी करण्याची कल्पना पुढे येते.

कायदा मात्र स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४० नुसार वाहन जेथे एरवी ठेवले जाते किंवा मालक जेथे राहतो तेथेच त्याची नोंदणी व्हायला हवी. कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यातील वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास नव्याने नोंदणी करून येथील कर भरावा लागतो. वापीच्या दुकानातून गाडी विकत घेण्यास कोणतीही आडकाठी नाही. तात्पुरती नोंदणी घेऊन ती महाराष्ट्रात आणावी आणि येथे कायमची नोंदणी करावी. परराज्यातील जुनी गाडी घेताना तेथील परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, येथील कर आणि पुनर्नोंदणीचा खर्च किमतीत मिळवूनच सौदा स्वस्त की महाग ते ठरवावे.

जुनी गाडी घेताना

पाच-सहा लाखांत वेगवान मोटार हवी असेल तर वापरलेल्या गाड्यांच्या बाजाराकडे वळावे लागते. पोलो जीटी, बलेनो आरएस, टियागो जेटीपी, क्वचित अबार्थ पुंटो तेथे आढळते. परंतु बंद झालेल्या आणि मुळात कमी खपलेल्या गाडीचे सुटे भाग मिळायला वेळ लागतो. साधा आरसा किंवा सेन्सर मागवून आठवडाभर गाडी गॅरेजात उभी राहिली, तर कामावर जाणाऱ्याचा खोळंबा होतो. घराजवळच्या कोणत्या शहरात त्या कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र आहे आणि स्थानिक मेकॅनिकला ते टर्बो इंजिन हाताळण्याचा अनुभव आहे का, याची चौकशी सौद्यापूर्वी करावी. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल गृहीत धरून बनवलेल्या नाहीत, हेही लक्षात असावे.

खरेदीपूर्वी पुढील बाबी तपासाव्यात :

- पट्टा पूर्ण बाहेर ओढून पाहावा. त्यावर चिखलाचा डाग किंवा पाण्याची रेघ असेल तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. पायाखालचा गालिचा उचलून वासही घ्यावा.
- किनाऱ्यालगत वापरलेल्या गाडीचा तळ लिफ्टवर चढवून गंज पाहावा. खारे वारे रंगाआधी तळाला पोखरतात.
- थंड इंजिन स्वतः सुरू करावे. सायलेन्सरमधून निळसर धूर येणे हे इंजिन ऑइल जळत असल्याचे लक्षण असून त्याचे मूळ टर्बोतही असू शकते.
- चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले आहेत का ते पाहावे. एका बाजूने झिजलेला टायर वाकलेल्या सांगाड्याची किंवा सस्पेन्शनची चुगली करतो.
- ‘एम-परिवहन’ अॅपवर नोंदणी, विमा, कर्जाचा बोजा आणि थकीत दंड पडताळून घ्यावा.
- फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे व्यवहार पूर्ण झाला असे मानू नये. आरसीवर नाव बदलल्याखेरीज तो पूर्ण होत नाही. आरसीवर ज्याचे नाव त्याच्यावर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.

‘मॉडिफिकेशन’चा नाद

गाडी दारात आली की तिला खाली बसवणे, मोठा आवाज करणारा सायलेन्सर लावणे, संगणकीय ‘रीमॅप’ करून ताकद वाढवणे, काचांवर काळी फिल्म चढवणे असे सल्ले मित्रमंडळी देऊ लागतात. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, हेही न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. असा बदल विमा कंपनीला न कळवल्यास अपघातानंतर स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. नव्या गाडीची वॉरंटीही धोक्यात येते. वीस हजारांच्या सायलेन्सरपायी काही लाखांचे संरक्षण गमावणे हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे. तोच पैसा चांगल्या टायरांवर घातला तर गाडी वळणावर खरोखरच अधिक ‘स्पोर्टी’ होते.

घरात अठरा वर्षांखालील धाकटा भाऊ असेल तर किल्ली जपून ठेवणेही मालकाचे काम आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवल्यास पालकाला अथवा मालकाला २५ हजारांचा दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि वाहनाची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, अशी तरतूद आहे.

मग कोणती घ्यावी?

रोज तलासरी ते वापी किंवा डहाणू ते बोईसर असा प्रवास असणाऱ्या, परवाना नवा असलेल्या आणि पगार बेताचा असलेल्या तरुणासाठी सहा एअरबॅग आणि ईएससी असलेली स्विफ्टसारखी हलकी, बिनटर्बोची गाडी सर्वांत सोयीची ठरेल. कमी ताकदीत गिअर नीट वापरून चपळाई कशी मिळवावी, हे अशा गाडीवर शिकता येते आणि चुकांची किंमतही कमी मोजावी लागते. दोन-तीन वर्षे चारचाकीचा सराव असलेल्या, हप्ता पाच वर्षांत फेडू शकणाऱ्या चालकाने टर्बो गाड्यांचा जरूर विचार करावा. मात्र चाचणी फेरी शोरूमभोवतीच्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता आपल्या नेहमीच्या खराब रस्त्यावर, मागे दोन माणसे बसवून घ्यावी. मोकळ्या जागी, मागे वाहन नसल्याची खात्री करून एकदा पूर्ण जोराने ब्रेक दाबून पाहावा. एबीएस काम करू लागले की पायाखाली जाणवणारी धडधड काय असते, हे प्रसंग येण्यापूर्वीच माहीत असलेले बरे.

बजेट पाच लाखांच्या आत असेल तर बंद पडलेल्या दुर्मीळ ‘जीटी’च्या मागे लागण्यापेक्षा २०२२ नंतरची, एकाच मालकाने वापरलेली, सेवा केंद्रातील नोंदी पूर्ण असलेली साधी गाडी घ्यावी. हौस पुढच्या गाडीवर भागवता येते.

वेगाची आवड ही काही वाईट खोड नव्हे. तिला पट्टा, ब्रेक, टायर आणि जमाखर्च यांची जोड हवी एवढेच. मागच्या आसनावरील प्रत्येकाने पट्टा लावल्याखेरीज गाडी सुरू करायची नाही, हा नियम तर कोणतीही किंमत न मोजता आजच घरात लागू करता येईल. चारोटीच्या पुलावरून रोज जाणाऱ्या डहाणू-तलासरीकरांना त्याचे महत्त्व इतरांपेक्षा अधिक ठाऊक आहे.